कोण कुणाचं? पात्रांची कुळं आणि आपली उत्सुकता

हे भाषण पाहणाऱ्या आणि पुढे ई-पुस्तकात वाचणाऱ्या, वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींचं स्वागत. आजचा विषय गमतीचा आहे, पण तो शेवटी आपल्या घरापर्यंत येतो. गोष्टीतल्या पात्राचे आईवडील कोण, त्याची लपवलेली ओळख काय, याबद्दल वाचक आणि प्रेक्षक जे तर्क लढवतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. तरुण मंडळी याला 'फॅन थिअरी' म्हणतात. मीही आज तोच शब्द वापरते. एक सूचना आधीच देते, की आज बऱ्याच गोष्टींचे शेवट फुटणार आहेत.

मी हैदराबादला राहते आणि रविवारी शाळकरी मुलांचा एक छोटा वाचनगट चालवते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर तेलुगू बोलणारी ही मुलं आहेत. कुठलंही पात्र हाती द्या, अर्ध्या तासात त्याची वंशावळ तयार असते.

हा नाद आजचा नाही. शेरलॉक होम्सचंच घ्या. कॉनन डॉयल यांनी होम्सच्या घराबद्दल फार थोडं लिहिलं. पूर्वज खेड्यातले जमीनदार, आजी एका फ्रेंच चित्रकाराची बहीण, सात वर्षांनी मोठा भाऊ मायक्रॉफ्ट, एवढंच. रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये ऑक्सफर्डला होम्सकथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथाची चिकित्सा करतात तशी या कथांची चिकित्सा त्यांनी गमतीनं केली, आणि एक खेळच सुरू झाला. 1914 मध्ये घडणाऱ्या एका कथेत होम्स साठीचा दिसतो, म्हणून जन्मसाल 1854. पुढे बेरिंग-गूल्ड यांनी 1962 मध्ये होम्सचं अख्खं चरित्र लिहिलं, त्यात आईवडिलांची नावंसुद्धा दिली. लेखकानं मोकळी सोडलेली जागा वाचकांनी भरली.

आता अशी थिअरी चांगली कधी म्हणायची? माझ्या मते, ती पुस्तकातल्या पुराव्यावर उभी असेल तेव्हा. हॅरी पॉटरचा सहावा भाग 2005 मध्ये आला. त्याच्या शेवटी एक चिठ्ठी सापडते, खाली सही फक्त तीन अक्षरांची, आर. ए. बी. हा कोण? सातवा भाग यायला दोन वर्षं होती. वाचक मागे गेले. पाचव्या भागात सिरियस ब्लॅक आपल्या मेलेल्या भावाचा, रेग्युलसचा उल्लेख करतो. त्याच भागात सिरियसच्या जुन्या घराची साफसफाई होते तेव्हा एक लॉकेट सापडतं आणि ते कुणालाच उघडत नाही. आर म्हणजे रेग्युलस, बी म्हणजे ब्लॅक, आणि लॉकेट घरात. मग वाचकांनी अनुवाद तपासले. डच अनुवादात ब्लॅक घराण्याचं आडनाव बदललेलं आहे, 'झ्वार्ट्स'. तिथल्या चिठ्ठीखालची अक्षरं होती आर. ए. झेड. नॉर्वेजियनमध्ये ते आडनाव एस अक्षरानं सुरू होतं, तिथे सही आर. ए. एस. कोडं सुटलं! 2007 मध्ये सातव्या भागानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एरवी कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या अनुवादकांच्या कामानं इथे साक्ष दिली.

पण त्याच पुस्तकांतली दुसरी गोष्ट ऐका. पाचव्या भागाच्या सुरुवातीला एक दहा वर्षांचा मुलगा मार खातो. त्याचं नाव मार्क इव्हान्स. हॅरीच्या आईचं माहेरचं आडनावही इव्हान्स. झालं! हा हॅरीचा नातेवाईक, पुढच्या वर्षी अकराचा होऊन जादूच्या शाळेत येणार, अशी चर्चा सुरू झाली. शेवटी 2004 मध्ये लेखिका रोलिंग यांनाच सांगावं लागलं की तो कुणीही नाही, इव्हान्स हे सर्वसाधारण आडनाव आहे. आडनाव जुळलं की नातं जुळलं असं होत नाही, हे कुलकर्णी, जाधव, पाटील अशा आडनावांच्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत हा नुसता खेळ आहे. पण काही वर्षं मुलांच्या थिअऱ्या ऐकल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. जवळजवळ प्रत्येक थिअरीत पात्राचं कूळ वरच चढतं. अनाथ मुलगा राजाचा निघतो. झाडूवाला वेषांतर केलेला राजपुत्र निघतो. राजपुत्र मुळात झाडूवाल्याचा मुलगा होता, असं कुणी सहसा सुचवत नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'मधला जॉन स्नो सगळ्यांना माहीत आहे. पहिली कादंबरी 1996 ची. सचोटीसाठी प्रसिद्ध असलेला नेड स्टार्क युद्धावरून परतताना एक तान्हं मूल घेऊन येतो आणि माझा अनौरस मुलगा म्हणून वाढवतो. वाचकांना हे पटेना. इतका सरळ माणूस असा कसा वागेल? नेडची बहीण लियाना मरताना त्याच्याकडून कसलं वचन घेते? राजाच्या अंगरक्षकांतले तीन मोठे वीर राजा आणि राजपुत्र यांना सोडून एका दूरच्या बुरुजावर पहारा का देतात? त्यातून 'आर अधिक एल बरोबर जे' हे समीकरण निघालं, म्हणजे राजपुत्र रेगार आणि लियाना यांचा मुलगा जॉन. 2016 मध्ये मालिकेनं हे खरं ठरवलं. तर्क उत्तम होता, पुरावा पक्का होता. पण पुढे काय झालं? मालिकेच्या शेवटी, 2019 मध्ये, जॉन सिंहासनावर बसत नाही, उत्तरेच्या बर्फात निघून जातो. लोकांनी त्याला आपला नेता मानलं होतं ते तो 'अनौरस' असतानाच. कुळाचा शोध लागल्यानं त्याच्या गुणांत काहीही भर पडली नाही.

'स्टार वॉर्स'मधल्या रे या मुलीची गोष्ट याहून बोलकी आहे. 2015 च्या चित्रपटात ती भंगार वेचून पोट भरते, आईवडील कोण माहीत नाही, पण तिच्यात विलक्षण शक्ती आहे. दोन वर्षं प्रेक्षकांनी तिला कुणाकुणाची मुलगी ठरवलं. 2017 च्या चित्रपटात उत्तर आलं की कुणाचीच नाही. दारूच्या पैशांसाठी मुलीला विकणाऱ्या भंगारवाल्यांची ती लेक. बरेच प्रेक्षक नाराज झाले. काहींना मात्र तेच फार आवडलं, कारण शक्ती कुठल्याही घरात जन्मू शकते असा त्याचा अर्थ होता. मग 2019 चा चित्रपट आला आणि सांगितलं गेलं की ती दुष्ट सम्राटाची नात आहे. म्हणजे बलाढ्य आहे, तर घराणंही बलाढ्यच हवं.

आपण हसायचं कारण नाही. 1951 चा 'आवारा' आठवा. त्यातला न्यायाधीश मानतो की सज्जनाचा मुलगा सज्जन आणि चोराचा मुलगा चोर. चित्रपट त्याला खोटं ठरवतो, आणि ते फार धैर्याचं होतं. तरी त्यातला नायक अखेर न्यायाधीशाचाच मुलगा आहे. चोराचा मुलगा चांगला निघाला, ही गोष्ट सांगायची राहूनच गेली.

वाचनगटात रेबद्दल वाद चालू होता. 'खरे आईवडील कोण' यावर मुलं हमरीतुमरीवर आली होती. गटात एक मुलगी आहे, तिला काका-काकूंनी वाढवलं आहे. ती एरवी फारसं बोलत नाही. त्या दिवशी तिनं मला विचारलं, "काकू, सगळे 'खरे आईबाबा' असं का म्हणतात? मग सांभाळणारे खोटे असतात का?" वर्ग गप्प झाला. मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी मी मुलांना महाभारताकडे नेलं. महाभारताला कुणी इतिहास म्हणतं, कुणी काव्य. त्या वादात मी शिरत नाही. जन्म लपवला जाणं, उघड होणं, आणि त्याचं माणसानं काय करायचं, यावर त्यात जितका विचार आहे तितका मला इतरत्र सापडलेला नाही.

मराठीत त्यावरची सर्वांत धाडसी 'थिअरी' इरावती कर्वे यांनी मांडली. 'युगान्त' हे पुस्तक 1967 चं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाई मानववंशशास्त्रज्ञ, भारतातल्या नातेसंबंधांच्या अभ्यासक. त्यांनी विचारलं, की युधिष्ठिर विदुराचा मुलगा असेल का? पुरावे ग्रंथातलेच. युधिष्ठिर धर्माचा पुत्र, आणि मांडव्य ऋषींच्या शापानं धर्मच विदुर म्हणून जन्मलेला. पंडूला मूल होत नव्हतं आणि त्या काळच्या नियोगाच्या चालीत दिराचा विचार स्वाभाविक होता. शेवटी वनात विदुर युधिष्ठिराकडे टक लावून पाहत योगबळानं त्याच्या देहात शिरतो. मरणारा पिता आपले प्राण, आपली इंद्रियं मुलाच्या स्वाधीन करतो, असा विधी उपनिषदांत आहे.

तुम्हाला हे पटेल किंवा पटणार नाही. इरावतीबाईंनीही ते शक्यता म्हणूनच मांडलं. मला महत्त्वाची वाटते ती या तर्काची दिशा. विदुर दासीपुत्र. म्हणजे हा तर्क धर्मराजाला देवाच्या कुळातून काढून दासीपुत्राच्या घरात आणतो. कूळ खाली येतं, आणि तरी युधिष्ठिर लहान होत नाही. उलट त्याचा शांत स्वभाव आणि विदुराबद्दलची त्याची ओढ जास्त समजते. चांगला तर्क पात्राचा दर्जा न वाढवताही पात्र उलगडू शकतो.

आणि कर्ण. रंगभूमीवर तो अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याला आईबापांचं नाव आणि कूळ विचारतात. धनुर्विद्येच्या परीक्षेत धनुष्याबद्दल प्रश्नच नाही! थोड्या वेळानं म्हातारा अधिरथ येतो आणि अंगदेशाचा नुकताच राजा झालेला कर्ण त्याच्या पायावर डोकं ठेवतो. पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला सांगतो, की तू कुंतीचा मुलगा, पांडवांत थोरला, राज्य तुझं. आजवरच्या सगळ्या थिअऱ्या जिथे संपतात तो हा क्षण. कर्ण काय करतो? तो ऐकतो, नाकारत नाही, आणि तरी जात नाही. अधिरथानं मला मुलगा मानलं, राधेनं मला दूध पाजलं, माझे संस्कार त्यांनी केले, असं तो सांगतो. कृष्णालाही विनवतो, की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. जन्माचं सत्य कळूनही त्यानं नातं मानलं ते वाढवणाऱ्यांचं. रणजित देसाईंनी कर्णावरच्या कादंबरीला 'राधेय' हे नाव दिलं ते मला म्हणूनच फार योग्य वाटतं.

त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग राधेला काय वाटलं असेल?" त्यावर आम्ही पुढचे दोन रविवार बोललो. राधेची थिअरी कुणी केलेली नव्हती, ती त्या मुलांनी केली.

मंडळी, थिअऱ्या जरूर करा. बारकाईनं वाचायला शिकवणारा याच्याइतका चांगला खेळ नाही. फक्त आमच्या गटात आता तीन प्रश्न विचारायची पद्धत आहे, ती तुम्हीही वापरून बघा. पहिला, पुस्तकात पुरावा कुठे आहे? दुसरा, काय सापडलं तर माझा तर्क चुकला असं मी मान्य करीन? आणि तिसरा, हे कूळ पात्राला हवं आहे की मला हवं आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो पुस्तकाबाहेरही लागू होतो. महाराष्ट्राबाहेर दोन मराठी माणसं भेटली की पहिल्या पाच मिनिटांत "आडनाव काय, मूळ गाव कुठलं" हे येतंच. त्यात आपुलकी असते, मला ते आवडतंही. पण कधीकधी उत्तर ऐकताना समोरच्याच्या मनात एक वंशावळ तयार होते आणि माणूस तिच्यामागे दिसेनासा होतो. कृपाचार्यांचा प्रश्न आपण आजही विचारतो. तो विचारायच्या आधी, समोरच्यानं धनुष्य कसं उचललं ते पाहू या.