आपले हवालदारसाहेब
(शाखेतील शोकसभेत एका विमा कर्मचारी कार्यकर्त्याने केलेले भाषण)



पलटणीत ते हवालदार होते. विम्याच्या धंद्यात चाळीस वर्षे काढली, तरी नाव तेच राहिले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतून डिसेंबर १९७१ मध्ये ते जमालपूरला लढले. १९८० साली पेन्शनीवर आले तेव्हा वय पस्तिशीचे, घरात तीन मुले. पेन्शनीत भागेना, म्हणून त्यांनी आयुर्विमा महामंडळाची एजन्सी घेतली.

या धंद्यात पहिल्या वर्षी कमिशन जास्त, पुढे कमी. त्यामुळे ऐपतीबाहेरची पॉलिसी गळ्यात मारण्याचा मोह होतो. हवालदारसाहेब मात्र आधी विचारायचे, "पाचव्या वर्षी हप्ता कुठून भरशील?" उत्तर मिळाले नाही, तर विम्याची रक्कम कमी करायचे.

मार्केट यार्डातला एक हमाल वारला. हप्ता थकलेला होता. भाऊबंद म्हणाले, पॉलिसी बुडाली. साहेब सायकलवरून त्या घरी गेले, मागची पावती पाहिली, तारखा बोटांवर मोजल्या. हप्त्याच्या तारखेनंतर बाविसाव्या दिवशी माणूस गेला होता. सवलतीच्या ३० दिवसांत मृत्यू झाला, तर थकलेला हप्ता वजा करून दाव्याची रक्कम मिळते. अर्जापासून धनादेशापर्यंत त्या बाईंबरोबर त्यांनी हेलपाटे घातले. त्यात त्यांना एक पैचे कमिशन नव्हते.

आता एक कबुली देतो. आम्ही काउंटरच्या आतले, पगारी. एजंट हा कमिशनवाला, तो कसला कामगार, असे मीही म्हणत असे. एका गेटसभेत साहेब उभे राहिले. म्हणाले, "पलटणीत स्वयंपाक करणाराही पलटणीचाच असतो. धंदा आम्ही दारोदार फिरून आणतो. आजारी पडलो की आमची चूल थंड. मग आम्ही कोणाचे?" मला उत्तर देता आले नाही.

२०२३ साली एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. मी बातमी सांगायला गेलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. हसून म्हणाले, "आणि आजारपणाची रजा?"

साथींनो, १९५६ साली २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून महामंडळ उभे राहिले. त्या राष्ट्रीयीकरणाचा अर्थ हमालाच्या झोपडीत सायकलवरून पोचला. पोचवणाऱ्याला आपण मात्र परके मानले. पुढच्या मागणीपत्रात एजंटांचा प्रश्न आपल्या सहीने गेला पाहिजे. तीच त्यांना खरी आदरांजली.

हवालदारसाहेबांना लाल सलाम!