शिबिरातली मोजणी

(वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



मेळघाटातील आपल्या उन्हाळी शिबिराविषयी मी चार शब्द बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. एका निसर्गशिक्षण केंद्रात हे शिबिर भरते. अमरावतीच्या संडे स्कूलची मुले आणि जवळपासच्या गावांतील कोरकू मुले तिथे पाच दिवस एकत्र राहतात. मी गटताई असते. एका ताईकडे 8 मुले.

काम साधेच आहे. पहाटे 5 वाजता मुलांना उठवायचे. बूट घालण्याआधी झटकायला लावायचे, कारण आत विंचू असू शकतो. पाण्याच्या बाटल्या भरल्यात का पाहायचे आणि ऊन चढायच्या आत रानवाट चालून परत आणायचे. रात्री अस्वलाची भीती, म्हणून कोणालाही एकट्याला बाहेर सोडायचे नाही. आणि दिवसभर मोजायचे. निघताना मोजायचे, नाला ओलांडल्यावर मोजायचे, दिवा मालवण्याआधी मोजायचे. नव्या स्वयंसेवकांना मी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगते. शंभरातले एक कमी आहे हे मेंढपाळाला कळले, कारण त्याने मोजले होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, शिबिराच्या दुसऱ्या पहाटे, माझी मोजणी 7 वर थांबली.

अकरा-बारा वर्षांचा एक कोरकू मुलगा अंथरुणात नव्हता. न्हाणीघर पाहिले, स्वयंपाकघर पाहिले, विहिरीत बॅटरीचा उजेड टाकून पाहिला. ती पाऊण तासाची प्रार्थना मी कधी विसरणार नाही. चांगले उजाडल्यावर तो केंद्राच्या मागच्या उतारावर सापडला. तेंदूची पाने तोडत होता. शेजारी 4 पुडे बांधून ओळीने ठेवले होते. एका पुड्यात 70 पाने असतात.

आदल्याच संध्याकाळी मी मुलांना नियम सांगितला होता, की रानातले एकही पान तोडायचे नाही. भीती ओसरली तसा मला राग आला आणि मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची घरची भाषा कोरकू. मराठी त्याला समजते. पण रागावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भाषेत उत्तर देणे सोपे नसते. शेवटी त्याच्या गावची एक मुलगी म्हणाली, “ताई, तो आईसाठी तोडून राहिला. घरी ती एकटीच आहे.”

मेळघाटात मे म्हणजे तेंदूपत्त्याचा महिना. हंगाम थोड्याच आठवड्यांचा. पहाटे पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. मजुरी पुड्यांवर मिळते. पावसाळ्यातले तेलमीठ आणि बियाणे याच पैशांतून येते. आणि मी एप्रिलमध्ये स्वतः त्या माउलीच्या दारात जाऊन म्हटले होते, “पाठवा हो त्याला, शिबिर अगदी मोफत आहे.”

मोफत आपल्यासाठी होते. तिला पाच दिवस दोन हात कमी पडले. लहान मुलांनी हे काम करावे, असे माझे म्हणणे नाही. पण त्या घराचा हिशेब मी विचारलाही नव्हता. मी मुले मोजली, घरातले हात मोजले नाहीत.

ज्यांच्यासमोर त्याला बोलले, त्यांच्याचसमोर नाश्त्याच्या वेळी मी त्याची क्षमा मागितली. शिबिर संपल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. आईने कोरा चहा दिला. तिने तक्रार केली नाही, म्हणून मला जास्तच लाज वाटली. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना सेवेविषयी मी पानेच्या पाने लिहिली होती. त्या दारात त्यांतले एक वाक्य उपयोगी पडले नाही. मुलगा मात्र दोरीवर किती उंच चढला ते हात वर करून दाखवत होता, आणि आई हसत होती. शिबिर त्याला हवे होते. फक्त मे महिन्यात नको होते.

म्हणून गेल्या वर्षी गावात बसून आम्ही तारखा ठरवल्या. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्यामुळे तेंदूचा हंगाम आटोपल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिबिर घेतले. पाचांपैकी दोन दिवस पाऊस झाला. दोरीचा खेळ रद्द झाला, अंथरुणे भिजली, आणि शहरातल्या काही पालकांनी चिखलाबद्दल मला चांगलेच ऐकवले. त्यांचेही खरे होते. पण तो मुलगा पुन्हा आला, आणि या वेळी धाकट्या बहिणीलाही घेऊन आला. पाचही पहाटे माझी मोजणी 8 वर पूर्ण झाली.

यंदाही शिबिर जूनमध्येच आहे. आम्हाला ताडपत्र्या हव्यात, आणि पावसात पाच दिवस देणारे दादा-ताई हवेत. आपण मदत पाठवाल, तेव्हा एक प्रश्नही पाठवा: ज्यांच्यासाठी हे करता, त्यांना ते केवढ्याला पडते? तो प्रश्न आम्हाला दरवर्षी विचारत राहा.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो.