ऑपरेशनच्या आधी
(घरकामगार स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले आणि वस्तीत काम करते. तरी आज गुडघ्यांवर बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी आपल्या गटातल्या एका ताईंसोबत मी दवाखान्याच्या खूप पायऱ्या चढले.

ताईंचं वय चोपन्न. सात घरची धुणी-भांडी, फरशी. एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे बघून दोन मिनिटांत सांगितलं, "गुडघे झिजलेत, बदलावे लागतील." किती चालता, कामं कोणती करता, कुणी विचारलं नाही. ताई तिथेच मंगळसूत्र मोडून किती येतील याचा हिशेब करायला लागल्या.

एक्स-रेत दिसणारी झीज आणि होणारं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. हे आम्हाला सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं. त्यांनी ताईंना खुर्चीत बसवलं. पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, दहापर्यंत मोजा, सावकाश खाली ठेवा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. सुरुवातीला थोडं जास्त दुखतं आणि तिथेच आपण सोडून देतो. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात. अंगावर वजन जास्त असेल तर त्याचाही विचार करा. 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. आणि काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेकजणी उलट धरतात, मीही आईला तसंच सांगत होते!

औषधांत आधी वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पोट, मूत्रपिंड, रक्तदाब सगळ्यावर परिणाम होतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ती दिली, तर दुखणं खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा कमी होत नाही, उलट कूर्चा जास्त झिजते, असं 2017 सालच्या एका चाचणीत आढळलं.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. हे सगळं करूनही झोप लागत नसेल, चालणं थांबलं असेल, तर ते जरूर करावं.

पण आपली खरी अडचण वेगळीच. बाईला वीस मिनिटं द्यायची कुणी? ताईंची सून हसली, "आता कसरत?" आणि सकाळी व्यायाम करून दिवसभर उकिडवं बसून फरशी पुसायची, तर उपयोग काय? म्हणून आम्ही चौघीजणी सातही घरी गेलो. लांब दांड्याचं पोछा आणि भांड्यांसाठी स्टूल मागितलं. पाच घरांनी दिलं. एका बाईंनी ऐकवलं, हाताने पुसल्याशिवाय फरशी निघत नाही. सातव्या घरी ताईंचं कामच सुटलं. दुसरं घर मिळायला दोन महिने लागले. तेवढ्या दिवसांचं किराणा गटाने भरलं, आणि तेव्हा गटात भांडणही झालं, तेही सांगते.

ताईंचं दुखणं गेलेलं नाही. पण जिना कठड्याला धरून चढतात आणि मंगळसूत्र गळ्यात आहे. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. ताई, पुढे या. बाकीच्यांनी खुर्च्या जरा लांब सरकवा. उजव्या पायापासून सुरू करू.