आपत्काळातील बाळोती

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी बालरोग व प्रसूती विभागांच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपणांस नव्या यंत्रसामग्रीची आणि पार पडलेल्या शस्त्रक्रियांची माहिती देण्यात येते. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत, तिची नोंद आमच्या साठा-वहीत अनेक वर्षे नव्हती. ती वस्तू म्हणजे बाळोते, लहान बाळाच्या कमरेला गुंडाळायचे जुने सुती फडके. विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ऑगस्ट २०१९ पूर्वी आम्हांलाही आले असते.

त्या महिन्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. अनेकांनी ते पाणी स्वतःच्या घरात पाहिले आहे. आपले रुग्णालय उंचावर असल्यामुळे पाणी दारापर्यंत आले नाही. परंतु रस्ते बंद झाले, आणि पूरग्रस्त गल्ल्यांतील कुटुंबे तान्ह्या मुलांसह आपल्या सभागृहात आश्रयाला आली. प्रसूती विभागातील ज्या मातांना घरी सोडावयाचे होते, त्यांना परत जाण्यास घरच उरले नव्हते. औषधे होती, दूध येत होते, बिस्किटांचे तर डोंगर झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र डायपर संपले. औषधांच्या दुकानांतही ते नव्हते.

येथे आमच्या एका चुकीची कबुली देणे आवश्यक आहे. कपड्यातून ओल बाहेर येऊ नये म्हणून आमच्या काही स्वयंसेवकांनी बाळांच्या कमरेभोवती टॉवेल गुंडाळून वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. हेतू चांगला होता आणि आम्ही तो थांबविला नाही. दुसऱ्या दिवशी तीन बाळांच्या मांड्यांची त्वचा लालभडक होऊन सोलवटली होती. नवजात बाळाची त्वचा अतिशय पातळ असते. लघवी आणि शी एकत्र साचून राहिली, वर हवा लागली नाही, की काही तासांतच ती त्वचा झिजू लागते. शिवाय सुटलेली पिशवी बाळाच्या तोंडावर आली तर श्वास कोंडण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

त्याच सभागृहात नातीच्या बाळंतपणासाठी आलेल्या एक आजी होत्या. त्या उठून आमच्या तरुण परिचारिकेला म्हणाल्या, ‘‘पोरी, लेकराला भूक न्हाई लागली. बुडाखालचं वल्लं हाय म्हनून रडतंय ते.’’ आणि त्यांनी स्वतःच्या गाठोड्यातली जुनी नऊवारी काढून दाताने तिचा काठ तोडला. त्या दिवशी आमचे प्रशिक्षण त्यांनी केले, असे म्हणण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही जे शिकलो आणि पुढे वैद्यकीय दृष्टीने पारखून घेतले, ते थोडे सविस्तर सांगतो; कारण पूर पुन्हा येणार नाही असे कोणीही म्हणू शकत नाही.

पहिला प्रश्न कापडाचा. बाजारातील डायपरमध्ये ओल शोषून जेलीसारखी धरून ठेवणारी भुकटी असते. घरातील कोणतेही कापड तसे करू शकत नाही. म्हणूनच कापडाचे बळ त्याच्या जाडीत नाही, ते वेळेवर बदलण्यात आहे. जुने धोतर, पंचा, मलमलची ओढणी, सुती उशीचा अभ्रा, झिजलेला बनियन, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी यांपैकी काहीही चालते. नवे कापड तितकेसे चालत नाही, कारण त्यात खळ असते; दोन-तीन धुण्यांनंतरच ते पाणी पिऊ लागते. संशय आल्यास कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब लगेच जिरला तर कापड कामाचे, मोत्यासारखा वर घरंगळला तर नाही. पुराच्या वेळी मदत म्हणून आलेल्या गाठोड्यांत जॉर्जेटच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या फार होत्या. देणाऱ्यांचा भाव मोठा होता, पण बाळाच्या बुडाला तो उपयोगी पडला नाही.

कापडाचा साधारण दोन फुटांचा चौकोन घ्यावा. काठ, जर आणि शिवणीचा जाड भाग काढून टाकावा. चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करावा. मधोमध पंच्याची किंवा बनियनची चार पदरी घडी ठेवावी. मुलगा असल्यास घडीची जाडी पुढे अधिक, मुलगी असल्यास मध्यभागी व मागे. त्रिकोणाची लांब बाजू बाळाच्या कमरेखाली यावी, खालचे टोक दोन्ही पायांमधून वर पोटाकडे घ्यावे, मग दोन्ही बाजूंची टोके त्यावर आणून पुढेच सैल गाठ मारावी. पाठीमागची गाठ बाळाला रुतते. टाचणी वा सेफ्टी पिन वापरू नये. त्याऐवजी परकराची नाडी कमरेभोवती बांधली की पुरते. आपली दोन बोटे सहज आत जातील इतकी ती सैल असावी. नाळ अजून पडली नसेल तर कापडाची वरची कड नाळेच्या खाली दुमडावी, म्हणजे नाळ कोरडी राहते. पाय सरळ करून घट्ट बांधण्याची पद्धत काही घरांत आहे, ती सोडावी. बाळाचे गुडघे बेडकासारखे बाहेर वळलेले राहणे खुब्याच्या सांध्याच्या वाढीसाठी हितकारक असते.

मातांसाठी आलेले सॅनिटरी पॅड आम्ही याच घडीत ठेवून पाहिले. सुगंधरहित असेल तर ते चांगले काम देते. कापूस मात्र उघडा ठेवू नये, त्याचे तंतू त्वचेला चिकटतात. तो मलमलीत गुंडाळावा. अंथरूण वाचविण्यासाठी मेणकापड किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घ्यावयाचा तर तो चादरीखाली नीट ताणून खोचावा, बाळाला कधीही गुंडाळू नये. पावडर टाळावी. बोरिक पावडर तर घरात असल्यास दूर ठेवावी, तान्ह्या बाळाला ती विषासारखी आहे. स्वच्छ त्वचेवर खोबरेल तेलाचा पातळ हात पुरेसा होतो.

पुढचा प्रश्न धुण्याचा, आणि पुरात तोच सर्वांत कठीण. पुराचे पाणी म्हणजे गटाराचे पाणी. त्यात बाळोते खळबळून घेणे म्हणजे जंतू बाळाच्या अंगावर चढविणे होय. शी आधी शौचालयात झाडावी, कारण बाळाची शीही मोठ्या माणसाच्या शीइतकीच रोग पसरवू शकते. मग टँकरच्या किंवा पावसाच्या स्वच्छ पाण्यात साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, कापड उकळावे. वाळविण्यास ऊन नव्हते. शेगडीवर टोपले उपडे घालून त्यावर बाळोती पसरण्याची युक्ती त्या आजींनीच सुचविली. आम्ही ती स्वीकारली, पण शेगडी बाहेरच्या ओट्यावर ठेवून. बंद खोलीत कोळशाचा धूर प्राणघातक ठरतो. जे कापड पूर्ण वाळले नाही ते वापरावयाचे नाही, एवढा एक नियम परिचारिकांनी कटाक्षाने पाळला. धुण्याची सोय नसेल तेव्हा बाळाला काही वेळ उघडे ठेवणे हेच उत्तम.

कापडाचा एक लाभ आमच्या ध्यानात उशिरा आला. बाळ पाच दिवसांचे झाल्यावर दिवसरात्रीत किमान सहा वेळा लघवी करते. डायपरमध्ये ही मोजणी हरवते. कापड मात्र प्रत्येक वेळी सांगते. सभागृहातील एका बाळाची आई दुपारी सहज बोलून गेली की सकाळपासून बाळोते बदललेच नाही, ओले होत नाही. त्या बाळाला जुलाब नव्हते, ताप नव्हता. पुराच्या धसक्याने आईचे खाणेपिणे सुटले होते आणि बाळ छातीला लागत नव्हते. जीभ कोरडी पडू लागली होती. त्याला तत्काळ दाखल करून घेतले. आज ते बाळ शाळेत जाते. पाणी कमी होते आहे हे आम्हांला आधी त्या कोरड्या फडक्याने सांगितले, नंतर तपासणीने.

त्यानंतर आम्ही एक पेटी केली. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पन्नास फुटांवर गेली तेव्हा ती उघडावी लागली, आणि पुरली. तान्ह्या बाळाला दिवसाला बारा-पंधरा बाळोती लागतात. एका जुन्या नऊवारीतून वीसेक निघतात, यावरून गरजेचा अंदाज यावा. डायपर देणाऱ्या दात्यांचे आम्ही ऋणी आहोत आणि ते आम्ही वापरतोही. परंतु ज्यांच्या घरी जुनी सुती लुगडी, धोतरे, पंचे असतील, त्यांनी ते धुऊन, वाळवून, थेंबाची परीक्षा घेऊन आम्हांला द्यावेत, अशी विनंती आहे. फाटके असले तरी हरकत नाही. ज्या घरांत आजीच्या लुगड्याला हात लावणे जिवावर येते, त्यांच्याकडून ते आम्ही मागणार नाही.

पेटी प्रसूती विभागात परिचारिका कक्षाच्या शेजारी ठेवली आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना त्रिकोणी घडी शिकावयाची असेल त्यांना आमच्या परिचारिका बाहुलीवर करून दाखवतील. आजोबांनी आणि वडिलांनीही यावे. कापड सध्या पुरेसे जमले आहे, नाड्या कमी आहेत.