जुन्या स्पोर्ट्स मोटारीसाठीं ब्रेकच्या नव्या चकत्या

हिरोशिमा येथील माझदा कंपनीनें १९८९ सालीं एमएक्स-५ या नांवाची, दोनच माणसें बसतील अशी उघडी मोटार बाजारांत आणली. अमेरिकेंत तिला मियाटा म्हणूं लागले. खुद्द जपानांत ती युनोस रोडस्टर या नांवानें विकली गेली. अंगानें आटोपशीर, वजनानें सुमारें हजार किलो, पुढचे दिवे पापणी उघडावी तसे वर येणारे, आणि आरंभीचें इंजिन अवघें १६०० घनसेंटिमीटरचें. या पहिल्या घडणीच्या मोटारी १९९७ पर्यंत निघत होत्या. पुढील घडणी धरून त्यांची संख्या २०१६ च्या एप्रिलांत दहा लक्षांवर गेली. आरंभीच्या मोटारींनीं आतां तिशी ओलांडली आहे. त्यांचे मालक त्यांना जिवापाड जपतात. रंग उजळतात, फाटलेला कापडी टप बदलतात, आसनांचीं कातडीं नवीं करून घेतात. आणि एखाद्या दिवशीं ब्रेक दाबतांच पेडल पायाखालीं थरथरूं लागतें, चाकाच्या आंतून खरखर ऐकूं येते. कारागीर चाक उतरवतो, चकतीच्या कडेवरून बोट फिरवतो आणि सांगतो कीं चकत्या संपल्या.

मग नव्या कोणत्या घ्यावयाच्या? बाजारांत साध्या चकत्या आहेत, भोंकें पाडलेल्या आहेत, खाचा कोरलेल्या आहेत, भोंकें व खाचा दोन्ही असलेल्याहि आहेत. चित्रांत सर्वांत देखणी दिसते ती बहुधा भोंकांची. जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा मालक हा मूळचाच रसिक असल्यामुळें त्याचें मन तिकडे ओढ घेतें, आणि विक्रेत्यास तें ठाऊक असतें.

निवड करण्यापूर्वीं चकती काय करते हें पाहिलें पाहिजे. चाकाबरोबर फिरणारी ही बिडाची थाळी. पेडल दाबलें कीं तेलाच्या दाबानें कॅलिपरमधील दट्ट्या पुढें सरकतो आणि दोन बाजूंचे पॅड तिला चिमट्यांत धरतात. घर्षण होतें, गति जाते, परंतु गतीबरोबर तिची शक्ति नाहींशी होत नाहीं. ती उष्णता होऊन बसते. किती उष्णता? माणसांसकट ११०० किलोची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात आहे असें धरूं. ती एकदां पूर्ण थांबवितांना सुमारें ४२४ किलोजूल इतकी ऊर्जा उष्णतेंत उतरते. एवढ्या उष्णतेनें सव्वा लिटर थंड पाणी उकळीस यावें! आणि हें सारें तीन-चार सेकंदांत. ब्रेक लावतांना मोटारीचा भार पुढें झुकतो, म्हणून यांतील मोठा वाटा पुढील दोन चाकांवर पडतो. पुढील प्रत्येक चकतीकडे एक तृतीयांश वाटा आला आणि ती चार किलो वजनाची असली, तर वाऱ्यानें निवण्यापूर्वीं तिचें तपमान एका थांबण्यानेंच पाऊणशें अंशांनीं चढतें. डोंगराच्या उतारावर लागोपाठ आठदहा वेळां असा प्रसंग आला म्हणजे चकती कोठें जाऊन पोंचेल, याचा हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येईल. चकतीला पुढील थांबण्यापूर्वीं निवावयास मिळालें नाहीं तर पॅडची पकड ढिली पडते. त्याहून वाईट म्हणजे कॅलिपरमधील तेल उकळतें, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊन टेकतें. डॉट-४ जातीचें नवें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. परंतु हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. चकत्यांवर पैसे ओतणारे पुष्कळ लोक तेल मात्र वर्षानुवर्षें बदलीत नाहींत, हें विलक्षण आहे.

चकतीचा ब्रेक ही कल्पना तशी जुनीच. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. पण तिचा दरारा बसला तो १९५३ सालीं, फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत. त्या वर्षीं टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनीं डनलॉपच्या चकत्या बसविलेली जग्वार सी-टाइप हांकून शर्यत जिंकली, आणि ताशीं शंभर मैलांहून अधिक सरासरी राखली. ड्रमच्या ब्रेकचे प्रतिस्पर्धी वळणापूर्वीं लौकर वेग कमी करीत; जग्वारला तो उशीरां केला तरी चालत असे. ड्रममध्यें उष्णता डब्यांत कोंडल्याप्रमाणें कोंडते, उघड्या चकतीला वारा लागतो. सारें रहस्य एवढेंच.

आतां भोंकांकडे वळूं. पूर्वींचे पॅड तापले कीं त्यांतील बांधणारा पदार्थ जळून वायु निघे व तो पॅड आणि चकती यांच्यामध्यें शिरे. त्याला वाट मिळावी हा भोंकांचा एक हेतु होता. वजन कमी व्हावें आणि पावसांत चकती लौकर कोरडी व्हावी हेहि हेतु होतेच. पोर्शेनें १९७८ च्या ९११ टर्बोला भोंकांच्या चकत्या दिल्या. त्या जाड, मोठ्या आणि त्या कामासाठींच आंखलेल्या होत्या. परंतु अठरा मिलिमीटर जाडीच्या लहान चकतीला, मूळ रचनेंत नसलेलीं भोंकें स्वस्त कारखान्यांत पाडलीं, तर त्यांचा हिशेब निराळा होतो. उष्णता सांठवावयास जें बीड होतें त्यांतलेंच कांहीं भुसा होऊन गेलें. शिवाय तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यांत भोंकाच्या कडेवर ताण एकवटतो. तेथें केसासारखी चीर पडते, ती पुढल्या भोंकाकडे धांवते. अशा चिरा मोजून चकती फेंकून द्यावयाची, ही शर्यतीच्या मैदानावरील नित्याची गोष्ट आहे. घरच्या मोटारीखालीं दर आठवड्यास कोण वांकून पाहणार? आणि आजचे पॅड पूर्वींसारखे वायु सोडीत नाहींत, म्हणून त्या भोंकांचें मूळ प्रयोजनहि बहुतेक संपलें आहे.

खाचांची गोष्ट त्या मानानें बरी. खांच पॅडचा वरचा थर खरवडून तो ताजा ठेवते, धूळ व पाणी बाजूस सारते, आणि चिरांचा धोका पुष्कळ कमी. मोबदल्यांत पॅड लौकर झिजतात आणि ब्रेक लावतांना हलकी घरघर ऐकूं येते. जो मालक महिन्यांतून एकदां आपली मोटार शर्यतीच्या वाटेवर नेतो, त्यानें खाचांचा विचार करावा. बाकी सर्वांस साधी, अखंड पृष्ठाची चकतीच योग्य. ती दिसावयास अगदींच सामान्य असते, हें खरें. पण चाकाआड ती दिसते तरी किती?

साध्यांतहि निवड आहे. बिडांत कार्बनचे पातळ पापुद्रे असतात, तेच उष्णता वाहून नेतात आणि कंपनें जिरवितात. म्हणून ओतीव कामाची प्रत महत्त्वाची. ती डोळ्यांना दिसत नाहीं, यास्तव नांवलौकिक असलेल्या उत्पादकाची चकती घ्यावी. पुढील चकत्या दुहेरी असतात. दोन थाळ्यांच्या मध्यें पाती असतात आणि फिरतांना त्यांच्यामधून वारा बाहेर फेंकला जातो. दोन्ही थाळ्यांची जाडी सारखी आहे कीं नाहीं, पातीं सुबक ओतलीं आहेत कीं नाहीं, हें कडेनें पाहतां येतें. ज्या चकतीचीं पातीं वक्र असतात ती डावी-उजवी असते. पात्यांचीं बाहेरचीं टोकें फिरण्याच्या दिशेच्या मागें झुकलेलीं हवींत. खाचांच्या दिशेवरून डावें-उजवें ठरविणारे फसतात. आणि मधल्या टोपीवर व पात्यांवर गंजरोधक लेप असलेली चकती थोडी महाग पडली तरी घ्यावी. जुन्या मोटारी पुष्कळ दिवस नुसत्या उभ्या असतात, आणि झीज जितकी चकती खाते तितकीच गंजहि खातो.

माप हा सर्वांत फसवा विषय. १६०० च्या एमएक्स-५ ला पुढें २३५ मिलिमीटर व्यासाची आणि १८ मिलिमीटर जाडीची चकती असते; १९९३ च्या सुमारास आलेल्या १८०० च्या मोटारीला २५५ मिलिमीटर व्यासाची आणि २० जाडीची. मागें अनुक्रमें २३१ व २५१ व्यासाच्या एकेरी चकत्या. परंतु केवळ सालावरून मागणी करूं नये. १८०० ची मोटार आल्यावरहि कांहीं देशांत १६०० ची मिळतच होती. शिवाय तीस वर्षांत मोटार चार हातांतून गेलेली असते आणि मधल्या कोणी तरी मोठे ब्रेक बसविलेले असतात. जुनी चकती काढून मोजावी. तीच वेळ जाडी पाहण्याची. १८ ची चकती १६ मिलिमीटरवर आली कीं तिचें आयुष्य संपलें. ही मर्यादा बहुधा चकतीवरच उमटविलेली असते. मोजतांना कडेचा न झिजलेला कंगोरा टाळून, आंत, आठ ठिकाणीं मायक्रोमीटर लावावा. मर्यादेच्या आंत आलेली चकती लेथवर कांतून पुन्हां बसविणें म्हणजे फाटक्या दोरीला गांठ मारून विहिरींत उतरणें होय.

कित्येक मालक या निमित्तानें १६०० च्या मोटारीला १८०० च्या चकत्या लावूं पाहतात. हें होण्यासारखें आहे, मात्र नुसत्या चकत्या आणून भागत नाहीं. कॅलिपरचे आधारहि १८०० चे लागतात. मोठी चकती अधिक उष्णता सांठविते आणि पकडीला थोडा अधिक तरफेचा जोर मिळतो. पण थांबण्याचें अंतर त्यामुळें आटेल अशी आशा धरूं नये. शंभराच्या वेगावरून, उत्तम टायर व कोरडा रस्ता असतां, मोटारीला चाळीसएक मीटर लागतातच. ती मर्यादा टायर आणि रस्ता यांची आहे. जुन्या ब्रेकनेंहि चाक जाम होतें, मग ब्रेक मोठा करून टायरची पकड वाढेल कशी? शिवाय मोठे करावयाचे तर पुढचे-मागचे दोन्ही करावे, नाहींतर दोहोंमधील प्रमाण बिघडतें. नित्याच्या वापराला मूळ मापच पुरे.

चकतीइतकाच विचार पॅडचा हवा. नव्या चकतीवर जुने, खाचा पडलेले पॅड कधींहि ठेवूं नयेत. आणि एका आंसावरील दोन्ही चकत्या एकदमच बदलाव्या. शर्यतीचे पॅड थंड असतांना नीट धरीतच नाहींत. सकाळीं घराबाहेर पडतांच पहिल्याच वळणावर त्यांची प्रचीति येते. फार वर्षांपूर्वींचा न वापरलेला सांठा कोणी स्वस्तांत देऊं केला तर तो घेऊं नये. जुन्या पॅडमध्यें ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटननें १९९९ सालीं त्याच्या उरल्यासुरल्या जातीवरहि बंदी घातली. याच कारणास्तव जुन्या मोटारीच्या ब्रेकमधील धूळ तोंडानें वा पंपाच्या वाऱ्यानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

थरथर पेडलची तक्रार घेऊन येणारा मालक ‘चकती वांकडी झाली’ असें म्हणतो. बहुतेक वेळां ती वांकलेली नसते. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिलेला असतो, चकती त्यावर किंचित् कलती बसते आणि प्रत्येक फेऱ्यांत पॅडला एकाच जागीं चाटून जाते. कांहीं हजार किलोमीटरनंतर तेथली जाडी कमी-जास्त होते आणि मग पाय थरथरतो. म्हणून नवी चकती बसविण्याआधीं हबचें तोंड तारेच्या ब्रशानें धातु लखलखेपर्यंत घांसावें. डायल गेज लावून चकती फिरवावी. डोलणें एक दशांश मिलिमीटरच्या आंत, शक्य तर त्याच्याहि निम्मे असावें. अधिक भरलें तर चकती हबवर एक-दोन भोंकें पुढें फिरवून पुन्हां पाहावें. चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानें व मोजक्या जोरानेंच आंवळावे. नव्या चकतीवर गंज चढूं नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो साबणाच्या पाण्यानें धुऊन, लगेच पुसून कोरडी करावी.

मागील चाकांपाशीं पुष्कळ जण घसरतात. एमएक्स-५ मध्यें हातब्रेक मागील कॅलिपरमध्येंच गुंतलेला आहे. नव्या जाड पॅडसाठीं दट्ट्या मागें घ्यावा लागतो, आणि पुढच्याप्रमाणें तो शिकंज्यानें दाबून मागें जात नाहीं. कॅलिपरच्या पाठीमागील बोल्ट काढला कीं आंत षट्कोनी किल्लीचें छिद्र आहे. तेथून तो फिरवून मागें घ्यावयाचा. हें न जाणतां शिकंजा लावून ज्यांनीं कॅलिपर मोडले त्यांना चकत्यांपेक्षां कॅलिपरच महाग पडले.

सर्व बसल्यावर प्रथम पेडल अनेकदां दाबून तें घट्ट लागतें याची खात्री करावी, आणि मगच मोटार हलवावी. नंतर मोकळ्या रस्त्यावर, मागें कोणी नसतां, ताशीं ९० च्या वेगावरून २० पर्यंत, पूर्ण न थांबतां, आठदहा वेळां वेग उतरवावा. प्रत्येक वेळीं मध्यें थोडें अंतर मोकळें धांवूं द्यावें. त्यामुळें पॅडचा पातळ, सारखा थर चकतीवर चढतो. शेवटीं पंधरा मिनिटें ब्रेक फारसा न वापरतां मोटार चालवून चकत्या निवूं द्याव्या. या वेळीं तापलेल्या चकतीवर पेडल दाबून ठेवून सिग्नलपाशीं उभें राहिलें, तर पॅडचा ठसा त्या एकाच जागीं चिकटतो आणि थरथर पुन्हां सुरू होते. दुसऱ्या दिवशीं चाकांच्या जाळींतून पाहिलें असतां चकती करड्या रंगाची व एकसारखी दिसावी. निळे वा काळे पट्टे दिसले, तर चाक पुन्हां उतरवून हब पाहावा.