दाखल्यावर न लिहिलेले कारण
(भिलाई येथील कामगार मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी आम्ही आमच्या शाखेतल्या एका लोको पायलटला खांदा दिला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, हृदयविकार. त्याला ब्लडप्रेशर होते आणि तो ते लपवीत होता, हे आम्हाला वहिनींकडून नंतर कळले. मेडिकलमध्ये अनफिट ठरलो तर रनिंग अलाउन्स जाईल, मुलीचे शिक्षण अडेल, ही धास्ती. गोळ्या घ्यायचा, त्याही चोरून आणि अधूनमधून. ही धास्ती दाखल्यावर लिहिली जात नाही.

तंबाखू आणि दारू माणसाला मारतात, हे खरेच आहे. पण तेवढेच खरे नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांची १९६७ पासून मोठी पाहणी झाली. तिला व्हाइटहॉल पाहणी म्हणतात. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता. धूम्रपान, ब्लडप्रेशर यांचा हिशेब वजा केला तरी फरक उरलाच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत दिसले की ज्याचे स्वतःच्या कामावर काही चालत नाही, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक असतो. रात्रपाळी करणाऱ्या पॉइंट्समनला आणि आरएमएसमधल्या सॉर्टरला हे वेगळे समजावून सांगायला नको!

यावर उपाय काय? लांब जायला नको. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे जून १९७७ मध्ये पोलीस गोळीबारात ११ जण ठार झाले. तिथल्या खाण कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरीसाठी लढा दिला, तसाच दारूविरुद्धही दिला. नुसता उपदेश केला नाही. दारू सोडणाऱ्याच्या पाठीशी संघटना उभी राहिली. त्या शहीदांच्या स्मरणार्थ, वर्गणी आणि श्रमदानातून, ३ जून १९८३ रोजी कामगारांचे स्वतःचे शहीद हॉस्पिटल सुरू झाले. नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत खून झाला. पण हॉस्पिटल बंद पडले नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ब्लडप्रेशर, साखर, छातीतली कळ लपवू नका. मेडिकलमध्ये खालची श्रेणी मिळाली तरी पर्यायी काम आणि पगाराचे संरक्षण यांचे नियम रेल्वेत आहेत. ते लागू करून घेणे हे युनियनचे काम आहे. आमच्या त्या बांधवाला हे कुणी वेळेवर सांगितले नाही. त्यात आम्हीही आलो. यापुढे प्रत्येक शाखेने मेडिकलच्या आधी आपल्या माणसाला भेटावे, घरी जाऊन विचारावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!