उत्तर नको, माहिती पुरते का ते सांगा

आम्ही ढोकीहून बोलतोय. आपल्या लेकी बँकेच्या परीक्षांना बसतात. क्लाससाठी लातूर गाठणं प्रत्येकीला परवडत नाही, म्हणून आज घरच्या घरी एक गणित बघू. हातात कागद घ्या.

या परीक्षांत एक चमत्कारिक प्रश्न येतो. उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच सांगायचं. चुकलं की पाव गुण वजा. त्यात वर्गसमीकरण आलं, म्हणजे दहावीच्या बीजगणितातलं, की पोरी फसतात, कारण तिथं एका गणिताला दोन उत्तरं निघू शकतात.

परसबागेतला आयताकृती वाफा घ्या. बांधाकडची बाजू किती मीटर?

पहिली माहिती: चारी बाजूंचं कुंपण 38 मीटर, क्षेत्रफळ 84 चौरस मीटर. म्हणजे लांबी-रुंदीची बेरीज 19, गुणाकार 84. बाजू निघाल्या 7 आणि 12. पण बांधाकडची कोणती? तेच कळत नाही. वाफा सापडला म्हणून पोरी "पुरते" लिहितात आणि पाव गुण जातो.

दुसरी माहिती: बांधाकडची बाजू मोठी आहे. नुसत्या तिच्यावर काहीच होत नाही. दोन्ही मिळून मात्र उत्तर पक्कं, 12.

आता उलटी गंमत. क्षेत्रफळ 84, आणि बांधाकडची बाजू दुसरीपेक्षा 5 मीटरनं मोठी. समीकरणातून येतं 12 आणि उणे 7. दोन आली म्हणून "पुरत नाही" म्हणायचं का? उणे सात मीटरचा बांध कुणी पाहिलाय! 12 एकटंच उरलं, माहिती पुरली. आणि कुंपण 36, क्षेत्रफळ 81 असेल तर दोन्ही बाजू 9. बांध कुठं, हे विचारायलाच नको.

भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात हेच केलं. त्यांच्या बीजगणितात माकडांचा कळप आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसलं. कळपात किती? 50 किंवा 5. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कशी काढणार? त्यांनी 5 सोडून दिलं.

लेक अभ्यासाला बसली की आपण दहावी झालेल्या नसलो तरी दोन गोष्टी विचारू शकतो: उत्तरं किती आली, आणि त्यातली खरोखर चालतील अशी किती?

पुढच्या वेळेपर्यंत हे सोडवा. एका संख्येचा वर्ग 49 आहे. एवढ्यावर संख्या सांगता येईल का? आणि ती संख्या आपल्या गटातल्या बायांची असेल तर?